धान्य पोचलं का?

मागच्या वेळी आपण बचत गटाच्या कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आज जरा वेगळा विषय आहे, इतिहासाचा. पण घाबरू नका, राजांच्या वंशावळी सांगणार नाही. आज मी पोत्यांबद्दल बोलणार आहे.

आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या फेरीबोटीची वाट बघत उभं राहिलं की बोटीत काय काय चढतं ते दिसतं. मोटारी, दुचाक्या, भाजीच्या पाट्या, बर्फातले मासे, कुणाचं तरी लग्नाचं सामान. बोट चालू असली की पलीकडचा किनारा हाकेवर वाटतो. बंद पडली की खाडीला केवढा तरी वळसा घालावा लागतो. म्हणजे अंतर मैलांत मोजून उपयोग नाही. सामान कसं पोचणार यावर ते ठरतं. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, कारण याच खाडीच्या तोंडाशी जंजिरा उभा आहे.

जंजिऱ्यावर पर्यटक येतात. राजपुरीच्या शिडाच्या होडीतून जाताना एक प्रश्न हमखास विचारतात: हा किल्ला कुणालाच कसा घेता आला नाही? उत्तर मिळतं की तट उंच, तोफा मोठ्या, दरवाजा जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. ते खरंच आहे. पण तट कितीही उंच असला तरी आत बसलेल्या माणसाला दोन वेळा भूक लागते. ज्या किल्ल्यात दाणा संपला तो किल्ला पडला, मग भिंत केवढी का असेना. जंजिऱ्याचा दाणा संपला नाही. किल्ल्यात गोड्या पाण्याची दोन तळी आहेत, चारी बाजूंना खारं पाणी असून. आणि धान्य यायचं समुद्रावरून.

जंजिरा सिद्दींकडे होता. सिद्दी म्हणजे मूळचे आफ्रिकेतले, दर्यावर्दी आणि लढवय्ये. आधी ते विजापूरच्या आदिलशहाच्या बाजूला होते. शिवाजी महाराजांनी किनाऱ्यावरची दांडा-राजपुरी घेतली, म्हणजे किल्ल्याची जमिनीकडची बाजू बंद केली. किल्लेदार फत्तेखान टेकीला आला, किल्ला देऊन टाकायला निघाला. तेव्हा त्याच्याच माणसांनी त्याला कैद केलं आणि मोगल बादशहा औरंगजेबाचा आश्रय घेतला. 1670-71 च्या सुमाराची ही गोष्ट. त्या दिवसापासून सुरतेचं बंदर जंजिऱ्याच्या पाठीशी उभं राहिलं. सुरतेहून पैसा, दारूगोळा, गलबतं. जमिनीची वाट मराठ्यांनी कितीही वेळा अडवली तरी पाण्याची वाट उघडीच राहिली. वर 1671 मध्ये शिमग्याच्या दिवसांत सिद्दी कासमने दांडा-राजपुरीही परत घेतली.

आपण सैन्य म्हटलं की तलवार आणि घोडा डोळ्यांसमोर आणतो. एक हिशेब करू या. समजा एखाद्या किल्ल्यावर 500 माणसं आहेत. माणशी दिवसाला पाऊण किलो धान्य धरा. दिवसाचं झालं 375 किलो. महिन्याचं 11,250 किलो, म्हणजे 50 किलोची 225 पोती. हे नुसतं धान्य. मीठ, तेल, मिरची, सरपण, कपडालत्ता, तोफेची दारू, शिसं, तुटलेल्या वल्ह्याच्या जागी नवीन वल्हं हे सगळं निराळं. किल्ला डोंगरावर असेल तर पायथ्याच्या गावातून डोकीवरून तरी चढवता येईल. समुद्रातल्या किल्ल्यावर भाजीचं एक पान उगवत नाही. जे काही लागेल ते होडीनं, भरती-ओहोटी बघून, शत्रूची नजर चुकवून. आणि पावसाळ्याचे चार महिने तेही नाही.

आगोट भरायची म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मे महिन्यात सुकी मासळी, मीठ, मसाला, लाकडं, कांदे सगळं घरात आलं पाहिजे, नारळी पौर्णिमेपर्यंत बाहेरचं काही मिळणार नाही असं धरून. महाराजांच्या आरमाराचंही तेच गणित होतं. मला तर वाटतं, त्या काळची मोहीम समजून घ्यायला तलवारीपेक्षा आगोट कळणारी बाई जास्त लायक.

याला पुरावा आहे, महाराजांचंच एक पत्र. राज्याभिषेकाच्या आसपासचं आहे. चिपळूणजवळ दळवटण्याला घोडदळाची छावणी पावसाळ्यासाठी राहणार होती, तिथल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. माझ्या शब्दांत सांगते. पावसाळाभर पुरेल असा दाणा आणि वैरण मोजून दिली आहे. आत्ताच मनाला येईल तशी उधळलीत तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही गावात शिराल. कुणी कुणब्याचा दाणा उचलेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी सरपण, कुणी भाजी. असं झालं तर लोक घरं सोडून जातील आणि म्हणतील यापेक्षा मोगल बरे. तेव्हा जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्या. पुढे तर अगदी घरातल्या थोरल्या बाईनं सांगावं तसं सांगितलंय की रात्री दिवे तसेच ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि सगळी वैरण जाईल.

राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतो! मी हे पत्र पहिल्यांदा बी.ए.ला असताना वाचलं, तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं. गटाच्या धान्याच्या खोलीत उंदीर शिरल्यावर त्याचा अर्थ कळला.

या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या कामाची. सैन्याचा पुरवठा चुकला की त्याचा फटका शत्रूच्या आधी आपल्याच गावाला बसतो. उपाशी शिपाई पहिली जवळची चूल शोधतो. आपल्या या किनाऱ्यानं दोन्ही बाजूंचं सोसलंय. सिद्दीची माणसं गावं लुटायची, माणसं धरून न्यायची, बायका-मुलांनासुद्धा. आणि प्रत्येक मोहिमेचं धान्यही याच गावांतून गोळा व्हायचं. कागदांत सुभेदारांची नावं आहेत, कारकुनांची आहेत. भात कांडून, पाखडून तांदूळ कुणी केला त्यांची नाहीत. पण भात काही आपलं आपण कांडलं जात नाही. ते मुसळ कुणाच्या हातात होतं ते मी सांगायला नको.

आता पद्मदुर्गाकडे येऊ. मुरुडच्या किनाऱ्यावरून समोर दिसतो तो कासा किल्ला. जंजिऱ्याला पाण्याच्या बाजूनं अडवायचं तर आपली गलबतं कायम तिथं राहायला हवीत, त्यांना ठाणं हवं, कोठार हवं. म्हणून महाराजांनी कासा खडकावर हा किल्ला बांधायला घेतला. सिद्दीच्या राजपुरीसमोर आपली दुसरी राजपुरी उभी करायची असा बेत. शत्रूच्या डोळ्यांसमोर बांधकाम चाललेलं, तेव्हा चुना, दगड, गवंडी, त्यांचं जेवण आणि त्यांना राखणारं आरमार, सगळं बाहेरून आणायचं.

त्या आरमाराचे दोन प्रमुख होते, दौलतखान आणि दर्यासारंग. त्यांना पैसा आणि धान्य पोचवायचं काम दक्षिणेकडच्या प्रभावळीच्या सुभेदाराकडे दिलं होतं. नाव जिवाजी विनायक. हुकूम गेला, वरात गेली. वरात म्हणजे अमुक ठिकाणच्या वसुलीतून अमक्याला इतकं द्या अशी चिठ्ठी. पण सुभेदारानं काही दिलं नाही. तिकडे आरमार खोळंबलं. पद्मदुर्गाला सिद्दीचा वेढा पडायची वेळ, आणि मदतीला जाणारी गलबतं पैसा-धान्याची वाट बघत उभी.

जानेवारी 1675 मध्ये महाराजांनी या सुभेदाराला जे पत्र लिहिलं त्यात राग शब्दाशब्दात आहे. थोडक्यात असं: तुम्ही रसद पोचवली नाहीत म्हणून आरमार वेळेवर जाणार नाही. सिद्दीनं तुम्हाला काही चारलंय की काय? अशा चाकरांना शत्रूच समजायला हवं. ब्राह्मण म्हणून तुमची गय होईल असं समजू नका. पैसे आणि धान्य ताबडतोब रवाना करा.

या पत्राचा तेवढा ब्राह्मणाचा भाग उचलून आजकाल भांडणं होतात. भांडणाऱ्यांनी ते पुढचं धान्याचं वाक्य वाचलेलं नसतं. मुसलमान आरमारप्रमुखाला रसद दिली नाही म्हणून ब्राह्मण सुभेदाराची खरडपट्टी, हेही त्यात आहे, पण महाराजांचा मुद्दा जातीचा नव्हताच. धान्य पोचलं का, एवढाच होता. लढाईत पळालेल्या शिपायाइतकाच कोठीवर बसून पोती न हलवणारा कारकून घातकी असतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपल्यापैकी ज्यांनी मंजूर झालेल्या पैशासाठी कचेरीत पाच-पाच खेपा घातल्यात त्यांना हा जिवाजी विनायक ओळखीचा वाटेल.

पुढच्या वर्षी, 1676 मध्ये, मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन जंजिऱ्यावर आले. पद्मदुर्गावरच्या लाय पाटील या कोळी सरदाराची गोष्ट त्याच वेळची सांगतात. त्यानं रात्री जाऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या आणि मोरोपंतांची माणसं यायची वाट पाहिली. ती वेळेवर पोचली नाहीत. उजाडायला लागल्यावर शिड्या काढून परत यावं लागलं. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली. तो म्हणाला, मी दर्यावरचा माणूस, पालखी घेऊन काय करू? म्हणून गलबत बांधून त्याचंच नाव ‘पालखी’ ठेवलं, अशी आठवण आहे. शिड्या पोचल्या, माणसं पोचली नाहीत. किल्ला राहिला.

संभाजी महाराजांनी 1682 मध्ये वेगळीच वाट धरली. होडीनं पोचता येत नाही तर रस्ताच करू! राजपुरीच्या किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला. काम चालू असतानाच मोगलांची फौज कल्याणच्या बाजूला उतरली, आणि संभाजीराजांना मोठी फौज घेऊन तिकडे धावावं लागलं. सेतू अर्धवट राहिला.

म्हणजे मराठ्यांना हे कधी जमलंच नाही का? जमलं की. आणि तेही आपल्याच जिल्ह्यात, थळच्या समोर खांदेरीला. 1679 च्या पावसाळ्याअखेर महाराजांनी खांदेरी बेटावर माणसं उतरवून तट बांधायला सुरुवात केली. मुंबईचे इंग्रज हादरले, कारण बेट मुंबईच्या तोंडाशी. त्यांनी जहाजं आणून बेट आणि थळचा किनारा यांच्यामधली वाट अडवली. बेटावरची माणसं उपाशी पडली की आपोआप जातील असा हिशेब. इंग्रजांचं मोठं जहाज होतं ‘रिव्हेंज’. त्याच्या तोफांपुढे आपल्या होड्या म्हणजे काहीच नाही.

पण आपल्या होड्यांचा तळ उथळ होता. वारा पडला तर वल्ह्यांवर चालायच्या. थळच्या कोळ्यांना तिथला खडक न् खडक पाठ. रात्र पडली, भरती आली की होड्या निघायच्या, माणसं, धान्य, सामान उतरवायच्या आणि उजाडायच्या आत परत. मोठं जहाज वाऱ्याची वाट बघत जागेवर डुलत राहायचं. 18 ऑक्टोबर 1679 ला दौलतखानानं आरमार घेऊन उघड हल्लाही केला. इंग्रजांचं ‘डव्ह’ नावाचं गुराब मराठ्यांनी पकडलं, पण ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढे आपलं आरमार मागे हटून नागोठण्याच्या खाडीत शिरलं. म्हणजे समोरासमोरची लढाई म्हणाल तर इंग्रजांनी हरली नाही. पण त्या रात्रीनंतरही होड्या जातच राहिल्या. सिद्दीही इंग्रजांच्या मदतीला आला. तरी बेट उपाशी पडेना. इंग्रजांना मात्र भाड्याच्या होड्यांचा आणि खलाशांचा खर्च झेपेना. जानेवारी 1680 मध्ये त्यांनी आपली जहाजं काढून घेतली. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

माणसं तीच, दौलतखान तोच, समुद्र तोच. पद्मदुर्गाच्या वेळी कोठी अडली. खांदेरीच्या वेळी थळचं धान्य रोज रात्री पोचलं.

आरमार म्हटलं की लाकूड आलं, आणि लाकूड आलं की पुन्हा गाव आलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त यावर स्पष्ट सूचना आहे. गलबतांसाठी जंगलातला सागवान परवानगीनं तोडावा. आंबा-फणसाची लाकडंही आरमाराच्या कामाची, पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडं लोकांनी लेकरासारखी वर्षानुवर्षं वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं. हे सगळीकडे पाळलं गेलंच असेल असं मी म्हणणार नाही. सूचना लिहावी लागली याचा अर्थच कुणीतरी तोडत होतं.

आता एकदम सव्वादोनशे वर्षं पुढे जाऊ आणि समुद्रही ओलांडू. पहिलं महायुद्ध. इंग्रजांनी मुंबई बंदरातून हिंदी फौजा इराकला पाठवल्या, त्या वेळी त्याला मेसोपोटेमिया म्हणत. त्यात मराठा पलटणी होत्या, 103, 110 आणि 117 नंबरच्या. कोकणातली, घाटावरची शेतकऱ्यांची पोरं. बोटीनं बसऱ्याला उतरायचं आणि तिथून टायग्रिस नदीनं वर जायचं. फौज झपाट्यानं पुढे गेली, पण पोती मागे राहिली. बसऱ्याला मोठ्या जहाजांना लागायला धड धक्के नव्हते, जहाजं माल न उतरवता ताटकळायची. नदीत चालणाऱ्या उथळ बोटी पुरेशा नव्हत्या. जखमींना आणायलाही बोटी नव्हत्या. शेवटी ही फौज कूट नावाच्या गावात अडकली, नदीच्या वळणात, आणि तुर्कांनी 7 डिसेंबर 1915 ला वेढा घातला.

कूटमध्ये आधी धान्य होतं. झडती घेतल्यावर गावातल्या घरांतून आणखी जव निघाले. पण दळणार कशावर? तेव्हा बाहेरच्या इंग्रज छावणीतून विमानानं गिरणीचे दगड आणून टाकले. आकाशातून जातं! मी हे वाचलं तेव्हा मला 2020 चा जून आठवला. 3 तारखेला निसर्ग वादळ आलं, झाडं पडून रस्ते बंद, वीज कितीतरी दिवस नाही. घरात तांदूळ होते पण गिरणी बंद. आमच्या आळीत एका आजीनं माळ्यावरचं जातं खाली काढायला लावलं, आणि मग दुपारभर तिच्या ओटीवर रांग.

कूटमध्ये रोजचा शिधा कमी कमी होत गेला. घोडे मारून खायची वेळ आली, तेव्हा धर्म बुडेल म्हणून पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस खाल्लं नाही. भाजीपाला नाही, म्हणून हिरड्या सुजून दात हलायचा रोग पसरला. आवळा-लिंबानं टळणारा तो रोग. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकायला लागले. भुकेल्या फौजेला विमानातून अन्न टाकायचे जगातले जे पहिले प्रयत्न, त्यातला हा एक. पण त्या काळची विमानं ती, किती उचलणार? काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे. शेवटी ‘जुल्नार’ नावाच्या बोटीत 270 टन धान्य-सामान भरून 24 एप्रिल 1916 च्या रात्री तिला शत्रूच्या मधून वर काढायचं ठरलं. खांदेरीसारखंच, रात्रीची वेळ. पण थळच्या होड्या पुष्कळ होत्या, लहान होत्या, त्यातली एक गेली तरी बाकीच्या पोचायच्या. इथं सगळं एकाच बोटीत. तुर्कांनी नदीत आडवी तार बांधली होती, बोट तिला अडकली आणि धान्यासकट त्यांच्या हाती गेली. पाच दिवसांनी, 29 एप्रिलला, कूट शरण आलं. सुमारे 13,000 माणसं कैद झाली. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं. त्यातले कितीतरी परत आले नाहीत. पुढे इंग्लंडमध्ये या मोहिमेची चौकशी झाली, 1917 मध्ये अहवाल आला. त्यात मुख्य ठपका होता तो बोटी, औषधं, रसद यांची तयारी न करता फौज पुढे ढकलल्याचा. जिवाजी विनायकाला पत्र लिहिणाऱ्या माणसानं तो अहवाल एका ओळीत लिहिला असता.

त्या पलटणींत गेलेल्यांच्या घरी इकडे काय चाललं असेल, याचे कागद मला अजून सापडले नाहीत. कोकणात काही गावांत दगडी पाट्या आहेत, या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, इतके मेले, एवढंच लिहिलेलं. देवळाजवळ किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत असतात. चुना फासून अक्षरं बुजलेली असतात, म्हणून रोज समोरून जाऊनही दिसत नाहीत. तुमच्या गावात अशी पाटी असेल, किंवा सासरच्या जुन्या ट्रंकेत एखादं पदक, बसऱ्याचं नाव असलेलं पत्र, पेन्शनचा कागद असेल, तर महिन्याच्या बैठकीला घेऊन या. घासूनपुसून चकचकीत करू नका, जसं आहे तसं आणा. वाचता येत नसेल तरी आणा, आपण मिळून वाचू. आणि येताना शेवटच्या फेरीबोटीची वेळ विचारून निघा. मागच्या वेळी पलीकडच्या चौघींना रात्री माझ्याकडे राहावं लागलं होतं आणि घरात तांदूळ दोनच शेर होते.